वाचकाचा पक्ष

१

मराठी समीक्षेच्या भाषेतून 'मला' हा शब्द जवळजवळ हद्दपार झाला आहे. त्याच्या जागी 'असे म्हणता येईल', 'असे प्रत्ययास येते', 'असे दिसून येते' ही कर्ता लपवणारी वाक्ये आली. कोणाच्या प्रत्ययास येते, हे विचारण्याची पद्धत नाही. एखाद्या कादंबरीवरील वीस पृष्ठांचा शोधनिबंध वाचून संपवावा आणि ती कादंबरी निबंधकाराला आवडली की नाही, ती त्याने पुन्हा कधी उघडली का, याचा थांगपत्ता लागू नये, हा अनुभव या नियतकालिकाच्या वाचकांना नवा नसेल. संशोधन करू इच्छिणारा विद्यार्थी पहिल्याच भेटीत 'या कादंबरीला कोणता दृष्टिकोन लावू?' असे विचारतो. 'ही कादंबरी चांगली आहे का?' हा प्रश्न त्याला बालिश वाटतो.

प्रस्तुत लेखात हा बालिश प्रश्न काही पुस्तकांना विचारावयाचा आहे. याचे कारण उघड आहे. मत लपवले म्हणून ते नाहीसे होत नाही. अभ्यासक्रमाच्या यादीत, पुरस्कारांच्या निवडीत, ग्रंथालयाच्या खरेदीत ते गुपचूप काम करीत राहते, आणि तेथे त्याला कोणी जाब विचारू शकत नाही. उघड मांडलेल्या मताला निदान प्रतिवाद तरी करता येतो.

'हे मला रुचते' आणि 'हे सुंदर आहे' या दोन विधानांत कांटने १७९०मध्ये जो भेद केला, त्याची चर्चा रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथामुळे आपल्याकडे सुपरिचित झाली. पहिल्या विधानात आपण कोणाची संमती मागत नाही. दुसऱ्यात सर्वांची मागतो, मात्र ती मागताना आपल्या हाती सिद्धतेचा कोणताही नियम नसतो. आपल्या परंपरेत हीच अडचण सहृदयाच्या संकल्पनेने सोडवली गेली. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे, असा रसिक अभिनवगुप्ताला अभिप्रेत आहे. दोन्ही विचारांविषयी मला आदर आहे. परंतु दोन्हींत एक गोष्ट समान आहे: या रसिकाला गाव नसते. तो कोठे जन्मला, कोणती बोली बोलत मोठा झाला, त्याच्या घरी पुस्तक कोणत्या वाटेने आले, हे सारे त्या आरशावरील धूळ समजून पुसून टाकायचे असते. ही धूळ पुसण्यापूर्वी ती कसली आहे, हे पाहून घ्यावे असे मला वाटते.

२

मी शिरवण्याची. १९७०मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवण्याचे ठरले. त्या गावांपैकी हे एक. आज ते नेरूळ आणि जुईनगर यांच्या सेक्टरांमध्ये, शीव-पनवेल महामार्गाच्या कडेला, गावठाण म्हणून उरले आहे. भात, मीठ आणि खाडीची मासळी यांवर जगणाऱ्या आगरी समाजाचा हा पट्टा. माझा जन्म जमिनी गेल्यानंतरचा. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण गेले. त्या संघर्षातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हे सारे मी मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकले, पुस्तकातून नव्हे.

आमच्या घरात लिखित मराठीच्या दोनच वस्तू होत्या: श्रीधराचा 'पांडवप्रताप' आणि सातबाराचे जुने उतारे. महसूलदप्तरात त्या काळी हक्क संपलेले नाव खोडत नसत. त्याच्याभोवती कंस करीत. आजोबांचे नाव अशा कंसात मी वाचले. घरच्या बोलीत 'ळ' आणि 'ण' नव्हते. शाळा ही 'शाला' होती आणि पाणी 'पानी'. त्यामुळे प्रमाण मराठीतील प्रत्येक पुस्तक हे काही प्रमाणात भाषांतर करीतच वाचावे लागे. माझ्या मतांचा हा पत्ता. तो येथे देण्यात सहानुभूती मिळवण्याचा हेतू नाही. एखादे पुस्तक मला का आवडले, याच्या कारणांपैकी किती कारणे या पत्त्याची आहेत आणि ती वजा केल्यावर पुस्तकाची म्हणून किती उरतात, हे वाचणाऱ्याला ताडून पाहता यावे, एवढ्यासाठी तो दिला आहे.

३

आरंभ 'पांडवप्रतापा'पासूनच करते. श्रावणात देवळात पोथी लावली जाई. एक जण वाची, दुसरा अर्थ सांगे. १७१२मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथाला वाङ्मयेतिहासात 'लोकप्रिय' या विशेषणाने गौरविले जाते आणि त्याच विशेषणाने त्याला दुय्यमही ठरवले जाते. माझे मत असे की, प्रसंग कोठे सुरू करावा, कोठे थांबवावा, ऐकणाऱ्याला पुढची ओवी येण्याआधी किती ताटकळत ठेवावे, याची जाण श्रीधराइतकी फार थोड्या मराठी कथनकारांना आहे. देवळातील वास, समई, आजीची मांडी हे सारे वजा केले तरी ही जाण उरते. याउलट मोरोपंत मला आवडत नाहीत. त्यांचे भाषाप्रभुत्व निर्विवाद आहे. पण त्यांच्या आर्येत भावना पोहोचण्यापूर्वी यमक पोहोचलेले असते. विद्यार्थ्यांना मी मोरोपंत मनःपूर्वक शिकवते, पण स्वतःसाठी ते पुस्तक कधी खाली काढीत नाही.

'मृत्युंजय' (१९६७) ही माझ्या थोरल्या चुलतभावाने वाचलेली एकमेव कादंबरी. गावात अशी कितीतरी घरे होती, जेथे पुस्तक म्हणून फक्त 'मृत्युंजय' होते. कवचकुंडले काढून दिलेल्या, जन्माने मिळालेला हक्क नाकारल्या गेलेल्या कर्णाची ओढ जमीन गेलेल्या गावातील तरुणांना का वाटावी, हे समजण्यास समीक्षकाची गरज नाही. विद्यापीठीय वर्तुळात या कादंबरीकडे जे तुच्छतेने पाहिले जाते, त्यात वाचकाविषयीचे अज्ञानही मिसळलेले असते. तरीही पत्ता वजा केल्यावर माझ्या हाती फारसे उरत नाही. शिवाजी सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा निवेदक योजले. ही कल्पना मोठी आहे. परंतु सहाही जण एकाच अलंकृत, हुंदका दाबलेल्या मराठीत बोलतात. पृष्ठ मध्येच उघडले तर कोण बोलत आहे हे आशयावरून कळते, आवाजावरून नाही. सूतपुत्राचे दुःख सांगणाऱ्या कादंबरीत सूताच्या घरची बोली कोठेही ऐकू येत नाही, याचे मला आजही नवल वाटते.

४

'कोसला' (१९६३) या कादंबरीविषयी प्रांजळपणे बोलणे मराठीच्या अध्यापकाला अवघड होऊन बसले आहे. ती नाकारणारा जुनाट ठरतो आणि गौरवणारा गर्दीत हरवतो. मनीच्या मृत्यूची पृष्ठे मी दरवर्षी वर्गात वाचते आणि प्रत्येक वर्षी वर्ग निःशब्द होतो. शोक व्यक्त करणारी सारी तयार भाषा तेथे नायकाने झुगारून दिली आहे, आणि त्यातून जे तुटक, कोरडे, जवळजवळ हिशेबी गद्य निर्माण झाले, त्याने मराठी कादंबरीला नवी श्रवणशक्ती दिली.

परंतु माझ्या पत्त्यावरून एक आक्षेप उभा राहतो, आणि तो मी दडवून ठेवू इच्छीत नाही. पांडुरंग सांगवीकर पुण्यात सारे वाया घालवून परत जातो तेव्हा त्याला परत जाण्यासाठी सांगवी असते. वडिलांची शेती असते. वडिलांचा तिरस्कार करण्याची चैनही त्यांच्या जमिनीच्या आधारानेच चालते. शिरवण्यातून नेरूळच्या महाविद्यालयात गेलेला आणि नापास झालेला मुलगा कोठे परत जाणार? निरर्थकतेची जाणीव अस्तित्वात्मक असते असे आपण शिकवतो; तिला क्षेत्रफळही असते, असे मी त्यात जोडू पाहते. या आक्षेपाने 'कोसला' लहान होत नाही. मात्र तिची वैश्विकता सांगताना तिच्या पायाखालची एकरे मोजण्याची सवय आपल्याला लागली तर बरे.

त्याच १९६३ साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे मी विद्यार्थ्यांना सुचवते. बागुलांची वाक्ये पुष्कळदा चढ्या सुरात लागतात, विशेषणांचा मारा होतो, नाट्य अनावर होते. नेमाड्यांच्या संयमाशेजारी हे दोष ठळक दिसतात. परंतु ज्याला परतण्यासाठी गाव नाही, उलट गावाचे नाव सांगितले की खोलीही मिळत नाही, अशा माणसाचे शहर बागुलांकडेच सापडते. कथा हा क्षुद्र वाङ्मयप्रकार आहे, हे नेमाड्यांचे प्रसिद्ध मत मला पटत नाही ते या संग्रहामुळे.

'टीकास्वयंवर' (१९९०) हे मात्र मी आनंदासाठी वाचते. मराठीत इतके धारदार, हसवणारे आणि झोंबणारे टीकात्मक गद्य दुर्मीळ आहे. त्यातील निम्म्या मतांशी भांडण असूनही तो ग्रंथ हातावेगळा होत नाही, हे त्याच्या सामर्थ्याचे गमक. अडचण देशीयतेच्या संकल्पनेपाशी येते. देशी असण्यासाठी पायाखाली देश लागतो. ज्यांच्या खाचरांवर भराव पडून सेक्टर झाले, ज्यांच्या गावठाणात आता मराठवाड्याची, सातारी आणि भोजपुरी बोली एकाच जिन्यात ऐकू येते, त्यांची देशीयता कोणती? ही संकल्पना टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. रुजलेल्यांसाठी घडवलेली ही संकल्पना उखडलेल्यांना लावून पाहावी, म्हणजे तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतील.

५

विस्थापनाचा विषय निघाला की माझ्याकडून 'झाडाझडती' (१९९१) या कादंबरीविषयी विशिष्ट प्रतिक्रियेची अपेक्षा केली जाते. प्रकल्पग्रस्त घरातील वाचकाला ही कादंबरी आवडलीच पाहिजे, असा एक सद्भावनापूर्ण ग्रह असतो. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची कागदोपत्री यंत्रणा, मोबदल्याचे गणित, दलालांची साखळी यांचे इतके तपशीलवार ज्ञान असलेली दुसरी मराठी कादंबरी मला माहीत नाही; प्रशासनात राहिलेल्या विश्वास पाटलांनी ते आतून पाहिलेले आहे. ती लिहिली जाणे आवश्यक होते. १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला याचा मला आनंद आहे. तरीही ती मी पुन्हा वाचत नाही. तिच्यात अन्यायाचे प्रसंग एकावर एक रचले जातात, आणि प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी वाचकाने कोणत्या बाजूला उभे राहावे याची पाटी लागलेली असते. आमच्याकडे गोष्ट इतकी स्वच्छ नव्हती. जमीन गमावलेल्यांनी गावठाणात चाळी उठवल्या, मग इमारती बांधल्या, आणि दुष्काळाने वा गरिबीने स्वतःचे गाव सोडून आलेली माणसे त्यांची भाडेकरू झाली. विस्थापित हा दुसऱ्या विस्थापिताचा मालक झाला. हे गुंतागुंतीचे वास्तव 'झाडाझडती'च्या संतापात मावत नाही. संतापाला मी नावे ठेवीत नाही. पण संताप हा सर्वांत चांगला निरीक्षक नव्हे.

गाव नाहीसे होण्याचा अनुभव मला खरोखर भेटला तो 'बनगरवाडी'त (१९५५). माणदेशातील धनगरांची वाडी, तेथे आलेला कोवळ्या वयाचा शिक्षक, आणि अखेरीस पडलेला दुष्काळ. यातील काहीही माझे नाही. खाडीकाठच्या माणसाला तो उघडा माळ परग्रहासारखा. परंतु व्यंकटेश माडगूळकर गाव रिकामे होत असताना आवाज चढवीत नाहीत. कोण गेले, कशाने गेले, मागे काय राहिले, एवढेच सांगतात. कोणी दोषी नाही, त्यामुळे दोषारोपाची सोयही नाही. रिकामपण तेवढे वाचकाच्या अंगावर येते. पत्त्याच्या बाजूने येथे मला काहीच मिळत नाही, म्हणून जे मिळाले ते सारे पुस्तकाचे. आपल्याविषयी असलेले पुस्तक आणि आपल्यापर्यंत पोहोचणारे पुस्तक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या दोन कादंबऱ्यांच्या तुलनेतून स्पष्ट होते. प्रतिनिधित्वाची मागणी न्याय्य आहे. तिला वाङ्मयीन निकष मानणे मात्र वाचकाच्या कल्पनाशक्तीवर अविश्वास दाखवणे होय.

याला एक अपवादही नोंदवला पाहिजे, नाहीतर हे विधान फार सोपे होईल. 'गोलपिठा' (१९७२) या नामदेव ढसाळांच्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्या वस्तीतील अनेक शब्दांचे अर्थ तेंडुलकरांना कवीकडून विचारून घ्यावे लागले, आणि ते त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने नमूद केले. प्रमाण भाषेसमोर आयुष्यभर कोश घेऊन बसलेल्या माझ्यासारख्या वाचकाला त्या पृष्ठांनी एक विलक्षण समाधान दिले: येथे कोशाची गरज मध्यभागी बसलेल्याला पडली होती. हे समाधान निव्वळ पत्त्याचे आहे, असे म्हणून मी ते वजा करू शकत नाही. कोणत्या वाचकाला कोठे अडखळायला लावायचे, हा ढसाळांच्या काव्यरचनेचाच भाग आहे. तेव्हा वाचकाचा पत्ता कधी कधी कवितेच्या आतच असतो.

६

जी. ए. कुलकर्णींविषयीचे मत थोडक्यात सांगते, कारण ते पुष्कळांना खटकेल. 'रमलखुणा'तील (१९७५) 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांपुढे मी आदराने उभी राहते, पण त्यांत रमत नाही. रूपकाचा अर्थ आधी कळतो आणि कथा मागून येते. 'पारवा' (१९६०) आणि 'हिरवे रावे' (१९६२) यांतील चिंचोळ्या घरांत, ओढग्रस्त नात्यांत नियती अधिक भीषण वाटते, कारण तेथे ती स्वतःचे नाव सांगत नाही.

माझ्या परिसराविषयी लिहिलेल्या दोन मजकुरांचा येथे उल्लेख करणे भाग आहे, यद्यपि त्यांना कोणी वाङ्मय म्हणणार नाही. १८८२चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आणि १९६५मधील 'मार्ग' या नियतकालिकाचा मुंबईविषयक अंक. गॅझेटियरमध्ये मीठ पिकवणाऱ्या आणि भातशेती करणाऱ्या आगऱ्यांची नोंद आहे. ती वरून पाहणाऱ्याची नोंद आहे, जातीला एकच स्वभाव चिकटवणारी आहे; पण मिठागर कसे चालते हे तेथे ज्या लक्षपूर्वक लिहिले आहे, तसे लक्ष मराठी ललित गद्याने आमच्या मिठाकडे क्वचितच दिले. 'मार्ग'च्या अंकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडील जुळ्या शहराची कल्पना मांडली. तो मजकूर बुद्धिमान आहे, मुंबईच्या गर्दीविषयीची त्याची कळकळ खरी आहे. मात्र दोन्ही मजकूर इंग्रजीत आहेत, आणि ज्यांच्याविषयी ते आहेत ती माणसे त्यांचा वाचक म्हणून गृहीत धरलेली नाहीत. गृहीत वाचकाचा सिद्धांत शिकवताना मी याहून चांगले उदाहरण देऊ शकत नाही.

उलट, वाचकावर पूर्ण विश्वास टाकणारे पुस्तक म्हणून मी कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'चे (१९७०) नाव घेते. तोळे, मासे आणि 'अंदाजाने' यांच्या जागी वाटी आणि चमचा ही मापे ठेवून त्यांनी सासूच्या मुखात बंदिस्त असलेले ज्ञान कोणत्याही मुलीच्या हाती दिले. तिची वाक्ये आखूड, क्रमबद्ध आणि पडताळून पाहता येण्याजोगी आहेत. आपल्या शोधनिबंधांना हे तीनही गुण लाभावेत, असे मी थट्टेने म्हणत नाही.

आणि 'स्मृतिचित्रे'. १९३४पासून भागशः प्रसिद्ध झालेले लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन मी विसाव्या शतकातील मराठी गद्याचे सर्वश्रेष्ठ पुस्तक मानते. येथे माझा पत्ता काहीच मदत करीत नाही: ब्राह्मण घर, वडिलांचे सोवळ्याचे वेड, १८९५मधील नारायण वामन टिळकांचे धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट, यांपैकी एकही अनुभव माझ्या घराच्या जवळपास नाही. तरीही त्या पानापानावर शेजारच्या ओटीवर बसून बोलत आहेत असे वाटते. पतीने उलथून टाकलेल्या संसाराची हकिगत सांगताना लक्ष्मीबाई त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाहीत, आणि त्याला क्षमा केल्याची घोषणाही करीत नाहीत. त्याचा लहरीपणा, औदार्य, व्यवहारशून्यता यांवर त्या हसतात, आणि त्या हसण्यात दुःखाचा एक कणही हरवत नाही. अन्याय सोसलेल्या माणसाने फिर्यादीची भाषा न वापरता बोलणे किती कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्या गावाला बोलण्यासाठी फिर्यादीखेरीज दुसरी भाषा अद्याप सापडलेली नाही. ती कशी असू शकेल, याचा नमुना मला शंभर वर्षांपूर्वीच्या नाशिककडील एका बाईच्या पुस्तकात दिसतो.

७

ही मते एकत्र पाहिली तर त्यांतून कोणताही वाद वा संप्रदाय उभा राहत नाही. कोठे मी रूपाच्या बाजूने बोलले आहे, कोठे समाजाच्या. हा गोंधळ आहे असे कोणी म्हटले तर मला मान्य नाही. वाचणारे माणूस एकाच वेळी दोन्ही ध्रुवांवर ओढले जाते. सुसंगती ही सिद्धांताची गरज आहे, वाचनाची नव्हे. सिद्धांत या ओढाताणीचे स्पष्टीकरण देण्यासाठी आहे, तिच्यापासून सुटका मिळवण्यासाठी नाही.

पत्ता वजा करण्याची जी रीत मी वापरली, ती सहृदयाचा आरसा पुसण्यासारखी नाही. पुसलेली गोष्ट दिसेनाशी होते. वजाबाकीत दोन्ही आकडे कागदावर राहतात. तिसऱ्या माणसाला ती तपासता येते, चूक दाखवता येते. 'मृत्युंजय'विषयी, 'झाडाझडती'विषयी वा मोरोपंतांविषयी माझी वजाबाकी चुकली आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आपला पत्ता आणि आपले उत्तर मांडावे. समीक्षेतील संवाद याहून वेगळा काय असतो?

अभ्यासक्रमातील पुस्तकाविषयी आपले मत विद्यार्थी आज सहसा सांगत नाहीत; अध्यापकाला कोणते मत अपेक्षित आहे याचा ते अंदाज घेतात. हा दोष त्यांचा नाही; आमच्या लेखनानेच त्यांना ही सावधगिरी शिकवली आहे. एखादी विद्यार्थिनी उत्तरपत्रिकेत 'ही कादंबरी मला आवडली नाही' असे एक वाक्य आणि 'मी अमुक गावची' असे दुसरे वाक्य लिहून तिसऱ्या वाक्याची सुरुवात 'तरीही' या शब्दाने करील, तर तिच्या हातून समीक्षेला आरंभ झाला असे मी समजेन.